देवाला विचारून उघडलेला झरोका

इब्राहिमभाई,

नसीमचा फोन आला तेव्हा मी इथे कुवेतला, अर्दियात एका गोदामाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व बदलत होतो. "अब्बा गेले, दत्ताचाचा," एवढं म्हणून ती थांबली. मी विचारलं, "कुठे?" माणूस गेल्याचं ऐकल्यावर असं कोणी विचारत नाही. पण मला आधी तेच कळायला हवं होतं. ती म्हणाली, "घरीच. पडवीत. दुपारी जेवले, कालवण आळणी झालं म्हणून मला बोलले, आणि खाटेवर टेकले ते टेकलेच." मी हातातला पाना खाली ठेवला आणि टाकीच्या सावलीत बसलो. रडू आलंच, पण रडण्याआधी हायसं वाटलं. तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू, फार हायसं वाटलं.

कारण तुम्हाला मरणाची भीती कधीच नव्हती, कुवेतमध्ये मरण्याची होती. गाडी चालवता चालवता तुम्ही म्हणायचात, "दत्ताराम, इथं मेलो तर आधी इस्पितळाची सही, मग व्हिसा देणाऱ्या कफीलाची, मग विमान कंपनीची. तवर मी फ्रीजमधे. जन्मभर लोकांना मोकळ्या वाऱ्यात झोपवलं आणि मी आपला पेटीत." आपण दोघं हसायचो. पण नंतर नंतर उन्हाळ्यात तुम्ही खोकलात की मी हसणं थांबवून तुमच्याकडे बघायचो. तुम्ही कायमचे गावी गेलात त्या दिवशी विमान सुटेपर्यंत मी विमानतळावर उभा होतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि आता तुम्ही पडवीत गेलात. समोर माड, खाली खाडी. कालवण आळणी होतं तेवढं सोडून द्या.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकऱ्या कुठे कुठे केल्यात, हे मी लिहीत नाही. ते जमातीच्या शोकसभेत कोणीतरी वाचून दाखवेल आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी चुकलेल्या असतील. मला आपली भांडणं आठवतायत. तीही अशी, की मी बरोबर होतो असं मला अजून वाटतं.

पहिलं भांडण चहाच्या आधीच झालं होतं. इराकशी झालेल्या लढाईनंतरची ती वर्षं. अहमदीत ज्या कंत्राटदार कंपनीच्या कॅम्पांची आणि खानावळींची स्वच्छता तुम्ही तपासत होतात, तिथेच मी प्लंबर. माझा पाय मुरगळला म्हणून तुम्ही मला तुमच्या त्या पांढऱ्या खटाऱ्यातून फिंतासला सोडायला आलात. मी म्हटलं, "साहेब, चहा घेऊन जा." मला आमची खोली तुम्हाला दाखवायची होती. अभिमानच होता तो. जुनं अरबी घर, मध्ये अंगण, एका बाजूला लांबलचक खोली, आणि ती भाड्याने घेतलेली आमच्या गावाने. मुंबईत कोकणातल्या गावांनी जशा आपापल्या खोल्या केल्या, तशीच आम्ही समुद्रापलीकडे केली होती. नियम एकच. गावचा माणूस विमानातून उतरला की त्याला गादी मिळणार. किती दिवस राहणार, हे विचारायचं नाही. गादी संपली तर चटई, चटई संपली तर दोघांत एक.

तुम्ही दारात बूट काढलेत, आत आलात, आणि चहा नको म्हणण्याआधी भिंतीवर तळवा टेकवलात. मला वाटलं, चक्कर आली. मग कोपऱ्यातलं कपाट उघडून वास घेतलात. सगळे गाववाले आपापल्या गाद्यांवर बसून बघत राहिले. तुम्ही विचारलंत, "हितं वारा कुठनं येतो?"

"एसी आहे की," मी म्हटलं.

"एसी वारा आणत नाही रे बाबा. आहे तोच गार करून फिरवतो. काल सोडलेला श्वास तुम्ही आज परत ओढताय."

मग तुम्ही वर पाहिलंत. खोलीला खिडकी नव्हती. पूर्वी कधीतरी छताखाली बाहेर हवा फेकणारा पंखा होता. तो गेला, चौकोनी झरोका राहिला. धूळ येते म्हणून बाबी मेस्त्रींनी त्यावर प्लायवूड ठोकलं होतं. बाबी मेस्त्री म्हणजे आमच्या खोलीतले सर्वांत वडील, सुतार, आणि गावच्या देवळातल्या मानकऱ्यांपैकी एक. ठोकलेलं प्लायवूड उघडं बरं दिसेना, म्हणून त्यांनी त्याच्यावर नक्षीचा देव्हारा बसवला. खोलीतली तीच एक उंच, पाय न लागणारी जागा होती. गणपती, ग्रामदेवाचा फोटो, नारळ, सगळं तिथे. तुम्ही देव्हाऱ्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. "सुतार चांगला आहे," एवढंच बोललात आणि चहा घेतलात.

ही तळव्याची सवय तुम्ही विलायतेतून आणली होती. तरुणपणी तुम्ही तिथे गिरणीत कामाला गेलात. राहायला एक घर, आणि त्यात आपल्याच किनाऱ्यावरची इतकी माणसं की दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर आडवा व्हायचा. तिथल्या कौन्सिलच्या आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर तपासणीला आला. कुणालाच इंग्रजी धड येईना, म्हणून तुम्ही पुढे झालात. त्या गोऱ्याने मग तुम्हाला दुभाषा म्हणून घरोघर नेलं, संध्याकाळच्या वर्गात बसवलं, आणि पुढे तुम्ही त्याच खात्यात लागलात. तुम्ही सांगायचात ते मला आधी खरंच वाटायचं नाही. गोऱ्या लोकांची घरं, आणि मागच्या भिंतीला दुसरं घर चिकटलेलं म्हणून तिकडे खिडकी नाही? अंगणात एक संडास, त्याच्यापुढे चार घरांची रांग? भिंती ओल्या, पोरांच्या छात्या भरलेल्या? मी म्हणायचो, "साहेब, तुम्ही आमच्या मुंबईच्या चाळीचं सांगताय." तुम्ही म्हणायचात, "गरिबाची भिंत सगळीकडं ओलीच असते."

तो गोरा घरात शिरताना टोपी काढायचा, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मीही कुणाच्या स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करायला शिरताना आपोआप टोपी काढू लागलो. घरमालकाला नोटीस द्यायची, ही भिंत, हे गटार, ही खिडकी, अमुक मुदतीत. ज्यांना न्हाणीघर नव्हतं त्यांना ते बांधायला कौन्सिल पैसे द्यायचं. तिथले शहाणे लोक म्हणायचे, असल्या माणसांना बाथटब देऊन उपयोग काय, त्यात कोळसा भरून ठेवतील. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. "मी गल्ल्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. टबात कोळसा कुठं बघितला नाही. जे बोलायचे ते कधी कुणाच्या घरात गेले नव्हते."

आणि ज्या घरांचं काही होण्यासारखं नव्हतं ती सरळ पाडायची, माणसांना नव्या घरांत हलवायचं. मला हे फार आवडलं होतं. मी म्हणायचो, "मग झालं की. पाडा आणि नवं द्या. दुरुस्तीची कटकट कशाला?" प्लंबर असून मी असं म्हणावं याचा तुम्हाला राग यायचा. समुद्राकाठच्या रस्त्याने जाताना एकदा तुम्ही गाडी कडेला घेतलीत. विलायतेतलं ते जे आपल्या लोकांचं पहिलं घर होतं, त्याच्याबद्दल बोललात. गोऱ्या साहेबाने विचारलं, इथे किती जण राहतात. तुम्ही मोजून खरा आकडा सांगितलात. घराला टाळं लागलं. बर्फ पडत होता. त्यातला एक तुमच्याच मोहल्ल्यातला, तो पुन्हा तुमच्याशी आयुष्यात बोलला नाही. "मी खोटं बोललो नाही, दत्ताराम. साहेबही खोटा नव्हता. घर खरंच राहण्यासारखं नव्हतं. पण बाहेर काढल्यावर ही माणसं जातील कुठं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही." मग तुम्ही गाडी चालू केलीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्यावरच तीच पाळी आली. आमचा मिसरी हारिस, म्हणजे घराचा राखणदार, सांगत आला की बलदियाची माणसं फिंतासमधल्या जुन्या घरांची तपासणी करतायत. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. ज्या खोल्यांत माणसं कोंबलेली, वायरी लोंबकळणाऱ्या, आतच गॅस, तिथे वीज तोडून टाळं. आमच्यात हे सगळं होतं. टाळं लागलं असतं तर गावची सगळी माणसं रस्त्यावर, आणि ज्यांचे अकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, दुसऱ्याच कफीलाच्या नावाचे, ते तर थेट पोलिसांच्या गाडीत. मी तुमच्याकडे आलो. साहेब आहात, ओळख असेल, काहीतरी सांगाल, एवढीच अपेक्षा होती. तुम्ही म्हणालात, "ओळख नाही. पाना आहे ना तुझ्याकडं?"

मग जे सुरू झालं ते आठवलं की अजून हसू येतं. सुट्टीच्या शुक्रवारी तुम्ही जुम्म्याची नमाज आटोपून यायचात, बाह्या वर करायचात, आणि खोलीतल्या समस्त गावकऱ्यांना कामाला लावायचात. गॅस अंगणात गेला, वर पत्र्याचं छप्पर आलं. न्हाणीचा तुंबलेला पाइप मी उपटून नवा घातला, उतार तुम्ही पाणी ओतून स्वतः बघितलात. टाकीला झाकण बसलं. वायरी भिंतीला लागल्या. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणारा आमचा वामन कुरकुरायचा, "ह्यो म्हातारो आमका जिवंत ठेवता की काम करून मारता?" शेवटी एकच काम उरलं, आणि त्याला हात लावायला कोणी पुढे येईना.

तुम्ही बाबी मेस्त्रींना म्हणालात, "मेस्त्री, देव समोरच्या भिंतीवर न्या. तो झरोका मोकळा पाहिजे."

"देवाक हलवूचा म्हणजे कौल घेवक व्हयो," मेस्त्री म्हणाले. "गावाक इचारल्याशिवाय आमी हात लावचंव नाय."

मला वाटलं, आता तुम्ही भडकणार. विलायत पाहिलेला माणूस, त्यातून मुसलमान, कौल वगैरे ऐकून घेईल? मी मध्ये पडलो, म्हटलं, साहेब, मी रात्री कुणाला न सांगता सरकवतो. तुम्ही माझ्याचवर भडकलात. "गपचूप काय करायचं नाही. कौल कोण घेतो तुमच्यात, गुरव ना? आमच्या गावचा पण गुरवच घेतो. फोन लावा त्याला."

गावात तेव्हा फोन होता तो तिठ्यावरच्या दुकानात. दुकानदाराने निरोप धाडला, गुरवाने देवाला फुलाच्या पाकळ्या लावल्या, आणि आम्ही फिंतासच्या टेलिफोन बूथमध्ये दाटीवाटीने उभे. तुम्ही दाराशी. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण पाकळी पडेचना. लाइन तुटली. परत लावली. दुकानातला पोऱ्या देवळापर्यंत पळत जाई नि धापा टाकत येई. मी तुम्हाला म्हटलं, साहेब, तुमचा वेळ जातोय. तुम्ही म्हणालात, "जाऊंदे. नोटीस दिली तर लोक घर दुरुस्त करत नाहीत, त्यांना पटलं तर करतात. पाकळी सुकेल तशी पडेल." तेवढ्यात मेस्त्रींनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला आणि ओरडले, "उजवो! देवान उजवो दिल्यान!" बूथबाहेर रांगेत उभे असलेले पंजाबी आमच्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या शुक्रवारी मेस्त्रींनी आंघोळ करून नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. तसं गाऱ्हाणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही. "बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां पोटासाठी ह्या परक्या मुलखात इली हत. आज तुका ह्या जागेवरसून त्या जागेर नेतंव, ता काय हौसेन नाय. ह्या खोलयेत जो वारो अडाकलो हा, तो मोकळो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"बलदियेचा जा काय इघ्न येतला असात, ता दाराभायर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हो इब्राहिमभाय, हेच्या हातान जा चांगला होता हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

या वेळी सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा" तुमचा होता. मी वळून पाहिलं. तुम्ही दाराशी हात बांधून उभे होतात, चेहरा अगदी गंभीर. नंतर मी चिडवलं, "तुम्ही पण?" तर म्हणालात, "माझ्या नावानं मागणं चाललेलं, मी नाही म्हणू काय?" मग मेस्त्रींनी प्लायवूड काढलं, तुम्ही आणलेली जाळी बसवली, आणि खोलीत पहिल्यांदा समुद्राचा वास आला.

बलदियाचा अधिकारी आला तेव्हा आमच्यातल्या शहाण्यांनी निम्म्या लोकांना समुद्रावर फिरायला पाठवलं होतं. संख्या कमी दिसावी म्हणून. तो माणूस सभ्य होता. जाळीखाली उभं राहून त्याने वर पाहिलं, न्हाणी पाहिली, मान हलवली. मग तुम्हाला अरबीत विचारलं, किती जण राहतात? मला अरबी तेवढं कळत होतं. तुम्ही खरा आकडा सांगितलात. समुद्रावर गेलेले धरून. मी मनात तुम्हाला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कुणाला घातल्या नसतील. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. त्याला विचारलंत, "टाळं लावलंत तर ही माणसं जातील कुठं?" त्याने खांदे उडवले. मग तुम्ही त्याचा हात धरून त्याला अंगणापलीकडे नेलंत. तिथे जुन्या मालकाची दिवाणिया होती, पाहुण्यांच्या बैठकीची मोठी खोली, कित्येक वर्षं बंद, आत मोडके सोफे. तुम्ही म्हणालात, ही दुरुस्त करू, निम्मे इथे येतील, मुदत द्या. हारिसला तिथल्या तिथे मालकाला फोन करायला लावलंत. अधिकाऱ्याने मुदत दिली.

त्या दिवशी समुद्रावरून परत आलेली माणसं दाराशीच उभी राहिली होती. आत जायचं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, "या आत. खोली राहिली." वामनने तुमचे हात धरले. तुम्ही म्हणालात, "चहा कर रे." तुम्ही सोफ्याच्या मोडक्या हातावर बसून तो पिता पिता एकदम डोळे पुसलेत. आम्हाला वाटलं, धूळ गेली. त्या समुद्रकाठच्या रस्त्यावरचं मला माहीत होतं, म्हणून मी तुमचा कप पुन्हा भरला.

पण भांडण मिटलं नाही. तुमचं म्हणणं, आता दोन खोल्या आहेत, तर आकडा ठरवा आणि दारावर लावा, त्याच्यापुढे एकही माणूस नाही. माझं म्हणणं, गावच्या माणसाला दारातून परत पाठवायचं असेल तर ती गावाची खोली कसली? तुम्ही म्हणायचात, "तुमचा दरवाजा मोठा आहे, खोली लहान आहे." मी म्हणायचो, "तुम्ही पहिल्यांदा विलायतेला उतरलात तेव्हा तुम्हाला आत घेतलं त्या घरात आकडा लावलेला होता का?" यावर तुम्ही विषय बदलायचात आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच काढायचात. वर्षभरात दिवाणियाही भरली.

आणि मग ती जानेवारीची सकाळ. वाळवंटातली थंडी काय असते, हे गावी कुणाला सांगून पटत नाही. आदल्या रात्री वामनने अंगणात कोळशावर बांगडे भाजले होते. जेवणं झाली, निखारे छान फुललेले, टाकवेनात. कुणीतरी पत्र्याच्या तबकात भरून ते खोलीत आणून ठेवले, दार लावलं, आणि सगळे उबेत झोपले. मी त्या वेळी कामाच्या जागी पाळीवर होतो. सकाळी आलो तर अर्धी खोली अंगणात ओकत बसलेली. मेस्त्रींना उभं राहवत नव्हतं. वामनला खांद्याचा आधार देत चालवत दवाखान्यात नेलं, मी तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात ते बूट न काढताच आत घुसलात. मग बाहेर येऊन एकेकाच्या कपाळावर तळवा ठेवत गेलात, भिंतीवर ठेवायचात तसाच. शेवटच्या माणसापर्यंत जाऊन तुम्ही अंगणात जमिनीवरच बसलात. दवाखान्यातून हारिसचा निरोप आला, वामन उठून बसलाय, चहा मागतोय. कोळशाचा वायू कोंडला होता म्हणून डॉक्टरने त्याला विचारलं होतं, खोलीला कुठे भोक आहे का? आहे म्हटल्यावर तो म्हणाला, म्हणून तुम्ही बोलताय.

तेव्हा तुम्ही मला जे विचारलंत ते मी विसरणार नाही.

"दत्ताराम, खरं सांग. मी सांगितलं म्हणून झरोका उघडला असता, तर ह्या थंडीत तुम्ही त्यात गोणपाट कोंबलं असतं की नाही?"

"कोंबलं असतं."

"आणि बलदियानं सांगितलं असतं तर?"

"त्यांची पाठ फिरल्यावर कोंबलं असतं."

"मग का नाही कोंबलं?"

उत्तर मेस्त्रींनी दिलं, भिंतीला टेकून, डोळे मिटलेले. "देवाक इचारून उघाडललो तो. कोणाची छाती आसा बुजवची?"

खरंच होतं. गेले दोन महिने सगळे त्या गार वाऱ्याच्या नावाने खडे फोडत होते. वामन तर कानटोपी घालून झोपायचा. पण जाळीला बोट लावायची कुणाची हिंमत नव्हती. तुम्ही मेस्त्रींकडे बघून हसायला लागलात, आणि हसता हसता तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मेस्त्रीही हसले. ओकून ओकून दमलेली माणसं, तीही हसली. मग तुम्ही उठलात आणि सगळ्यांना इतकं झापलंत की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

त्या दिवशी मी तुम्हाला काही म्हणालो नाही. आभार वगैरे आपल्यात म्हणत नाहीत, आणि तुम्ही झापल्यावर तर ते शक्यच नव्हतं. पुढे इतकी वर्षं आपण एका गाडीतून फिरलो, मी तुमच्याशी फक्त आकड्यावरून भांडलो. आता म्हणतो. इब्राहिमभाई, तुमच्यामुळे मी त्या सकाळी अंगणात ओकणारी माणसं पाहिली. त्याऐवजी काय पाहावं लागलं असतं, त्याचा विचार मी कधी पुरता करू शकलेलो नाही.

आता तुम्हाला एक बातमी द्यायची आहे. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात आपलं घर रिकामं झालं. म्हातारा मालक वारला, मुलांना तिथे उंच इमारत बांधायची आहे, आणि बलदियाचं आता म्हणणं असं की तो भाग कुटुंबांचा, एकट्या पुरुषांनी तिथे राहायचं नाही. पाडणार. माझ्या तरुणपणी मला जे इतकं आवडायचं तेच. खोलीच्या दाराचा कोयंडा आठवणीसाठी काढून नेताना मला कळलं की तुम्ही त्या रस्त्यावर गाडी का थांबवली होतीत. पण माणसं जातील कुठं, हे मी या वेळी आधी विचारलं. मुदत मागून घेतली, एकेकाची सोय लागेपर्यंत हललो नाही. काही मंगफला गेले, काही कंपनीच्या कॅम्पात. मी अर्दियात आहे. इथे प्रत्येक खोलीच्या दारावर आकडा आहे, आणि परवा गावचा एक पोरगा बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मला त्याला नाही म्हणावं लागलं. दुसरीकडे त्याची सोय केली, पण नाही म्हणालो. म्हणजे तुम्ही जिंकलात. मला अजून पटलेलं नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही अंगणात जमलो होतो. देव मेस्त्रींच्या मुलाने नेले. मेस्त्री स्वतः केव्हाच गावी जाऊन, नातवंडांना खेळवून, म्हातारे होऊन गेले. वामन आता गावी हॉटेल चालवतो. मी उगाच उभा राहून त्या खोलीत राहून गेलेल्या सगळ्यांची नावं आठवायला लागलो, अगदी चार दिवस टेकलेल्यांचीही. एक एक नाव घेतलं आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो इथून कसा बाहेर पडला ते आठवलं. नसीमचा फोन येऊन गेला होता, तुम्हाला लगेच सांगावंसं वाटलं, आणि सांगता येणार नाही हेही लक्षात आलं. म्हणून हे लिहिलं. इतक्या वर्षांत त्या खोलीतून एकालाही उचलून न्यावं लागलं नाही, इब्राहिमभाई. सगळे चालत बाहेर आले.

तुमचा,
दत्ताराम